चाकासाठी कापलेली गाडी

कुठल्याही हॅचबॅकची डिकी उघडा आणि दोन्ही बाजूंचं कापड हाताने चाचपून बघा. एकेक फुगवटा लागेल. त्याच्या पलीकडे मागचं चाक फिरत असतं. गाडी बनवणारी कंपनी हा फुगवटा होता होईल तो लहान ठेवते, कारण तो वाढला की सामानाची आणि मागच्या सीटची जागा जाते. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगवाल्यांनी नेमकं उलट केलं. तो फुगवटा कापून काढला, त्या जागी अर्ध्या पिंपाएवढा पत्रा बसवला आणि त्याला ‘टब’ म्हणू लागले.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट. वॉली पार्क्सने १९५१मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांवरच्या या उद्योगाला नियम आले. थोड्याच वर्षांत सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली. इंजिन कितीही दांडगं असो, सुरुवातीच्या क्षणी टायर जागच्या जागी फिरले तर ती ताकद धुरात जाते. मग नक्षी नसलेले, मऊ रबराचे ‘स्लिक’ टायर आले आणि रुंद होत गेले. आजच्या प्रो स्टॉक गाडीचा मागचा टायर साधारण ३३ इंच उंच आणि १७ इंच रुंद असतो.

एवढं धूड बसवायचं कुठे? बाहेर काढावं तर गाडीचं रूप बिघडतं, आणि गाडी शोरूममधल्या गाडीसारखी दिसणं हीच तर प्रो स्टॉकची गंमत. म्हणजे उरला एकच रस्ता, आत. मागचा ॲक्सल दोन्हीकडून कापून आखूड करायचा आणि चाकं गाडीच्या पोटात घ्यायची. पण पोटात आधीच फुगवटे असतात, मागची सीट असते, आणि मुख्य म्हणजे गाडीचं मागचं वजन पेलणारे चॅसिसचे दांडे असतात. टायरसाठी तेही कापावे लागले.

प्रो स्टॉक हा वर्ग १९७०मध्ये सुरू झाला. त्यात ‘ग्रम्पी’ म्हणून ओळखला जाणारा बिल जेन्किन्स होता. कॉर्नेलमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेलेला आणि शिक्षण अर्धवट सोडलेला हा माणूस. त्याची १९७४ची शेवरोलेट व्हेगा बाहेरून व्हेगाच दिसायची, पण आत स्टीलच्या नळ्यांचा अख्खा सांगाडा होता. भार सांगाड्याने घेतला, त्यामुळे पत्र्याला फक्त आडोसा धरायचं काम उरलं. ॲल्युमिनियमचा टब शोभतो तो अशा गाडीत.

हिशेब करून बघा. चालक आणि इंधन-इंजिन यांच्यामधल्या भिंतीसाठी नियमात स्टील असेल तर किमान ०.०२४ इंच आणि ॲल्युमिनियम असेल तर ०.०३२ इंच जाडी लागते. ॲल्युमिनियम जाड घ्यावं लागूनही चौरस मीटरला साधारण सव्वादोन किलो भरतं, स्टील पावणेपाच. निम्म्याहून कमी. जिथे सेकंदाच्या हजाराव्या भागावर निकाल लागतो, तिथे वाचलेला प्रत्येक किलो मोलाचा.

पण ॲल्युमिनियम स्टीलच्या नळीला नेहमीच्या पद्धतीने वेल्ड होत नाही. त्यामुळे काम विमानासारखं चालतं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा. मग एक उभा पत्रा आणि त्याच्या कडेने वळवलेली पट्टी, असे दोन तुकडे बनवायचे. पत्रा लपलपू नये म्हणून त्यात रोलरने कंगोरे पाडायचे. तात्पुरत्या पिनांनी सगळं जागेवर धरून बघायचं आणि मगच रिव्हेट मारायचे. काही पत्रे उघडता यावेत म्हणून पाव फेऱ्यात सुटणारी झूस बटणं लावतात. तीही मूळची विमानांचीच. हे कसब कॅलिफोर्नियात रुजलं यात नवल नाही. डग्लस, लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन यांचे विमान कारखाने लॉस एंजलिसच्या आसपासच होते. १९४६मध्ये बिल बर्कने तर लढाऊ विमानाच्या जादा इंधनाच्या टाकीचीच शर्यतीची गाडी केली होती.

टबाचं माप टायर उभा असताना घेतलं तर घात होतो. स्लिकमध्ये हवा कमी असते आणि वेगात तो फुगून उंच होतो. शिवाय सस्पेन्शन दबलं की चाक वर येतं. या दोन्हींसाठी जागा सोडली नाही तर टायर पत्र्याला घासतो. टायर फुटला तर रबराचे पट्टे आसूडासारखे आत फिरतात. इंधनाची टाकी बहुधा मागेच असते. रिव्हेटच्या ओळीत बोटभर फट राहिली तर आगीला तिथून वाट मिळते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे हा पत्रा आग थांबवत नाही, चालकाला बाहेर पडायला थोडा वेळ देतो. तो वेळ फट बुजवणाऱ्याच्या हातात असतो.

मग ही गोष्ट गल्लीत आली. १९७९च्या सुमारास स्कॉट सुलिव्हनच्या १९६७च्या नोव्हाने धुमाकूळ घातला. रस्त्यावर चालणारी, पण मागून रेसगाडीसारखी. या फॅशनचं नाव ‘प्रो स्ट्रीट’. १९८०च्या दशकात रिक डॉबर्टिनच्या पॉन्टियॅक जे२०००वर टर्बो, सुपरचार्जर, नायट्रस असं सगळंच एकत्र आलं. पुढेपुढे शर्यत नावालाच उरली आणि टब आरशासारखे चमकू लागले. मला त्या चमकेचा राग नाही. पण नळ्यांचा सांगाडा न घालता नुसती सलग बॉडी कापून तिथे रिव्हेटचा पत्रा बसवणं हा धोकाच आहे. कापलेला स्टीलचा घुमट गाडीच्या मजबुतीचा भाग होता. पत्रा ती मजबुती परत देत नाही. अशा गाडीत स्टीलचा टब वेल्ड केलेलाच बरा. तो जड होतो, पण कामाला येतो.

पुढे ‘मिनी-टब’ लोकप्रिय झाला. दांड्यांना हात न लावता घुमट फक्त दोन-तीन इंच आत सरकवायचा, मागची सीट शाबूत. आणि २०१८च्या डॉज डेमनमध्ये तर कंपनीनेच ३१५ मिलिमीटर रुंद टायर बसवले आणि त्यासाठी आत न कापता बाहेरून फेंडर साडेतीन इंचांनी रुंदावले. मागची सीट मात्र तिथेही काढून टाकलेली होती. हवी असेल तर एक डॉलर जास्त.