शेवटी कोण निघणार?

एका लष्करी सरावात माघार घेताना मी टेलिफोन एक्स्चेंज आधी गुंडाळायला सांगितलं. मग लक्षात आलं, पुढच्या चौकीला ‘निघा’ असं कळवायची लाइनच उरली नव्हती. जवान रात्रभर तिथेच थांबले. चूक माझी होती. संगणक रीबूट करतानाही नेमका हाच प्रश्न येतो. आज त्याचा इतिहास पाहू.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. कोणतं उपकरण कुणाला जोडलंय, याची एकत्रित नोंद मात्र कर्नलकडे बरीच वर्षं नव्हती. ती आली डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत, पॅट्रिक मोचेल यांनी उभारलेल्या ड्रायव्हर मॉडेलमुळे. त्यात उपकरणांची वंशावळ असते: यूएसबी कंट्रोलर पालक, पेनड्राइव्ह त्याचं अपत्य. पालकाची नोंद आधी होते. म्हणून बंद करताना यादी उलटी वाचायची. अपत्य आधी, पालक नंतर.

२००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत केएक्झेक आलं. चालू कर्नल थेट दुसऱ्या कर्नलकडे सूत्रं सोपवतो, मध्ये फर्मवेअर नाही. अशा वेळी एखादं नेटवर्क कार्ड बंद न होता मेमरीत लिहीत राहिलं, तर नव्या कर्नलच्याच मेमरीची नासाडी होते.

मोबाइलच्या चिपनं गुंता वाढवला. तिथे स्क्रीनला वीज देणारा रेग्युलेटर स्क्रीनचा पालक नसतोच. तो वेगळ्याच फांदीवर असतो. वंशावळीला ही उसनवारी दिसत नाही. २०१२ मध्ये ३.४ आवृत्तीनं सोय केली, की पुरवठादार तयार नसेल तर ड्रायव्हरनं थांबून पुन्हा प्रयत्न करावा. पण त्यामुळे नोंदीचा क्रम आणि उपकरणं प्रत्यक्ष कामाला लागण्याचा क्रम वेगळा पडू लागला. उलटी यादी वाचली, तर पुरवठादार आधी झोपायचा आणि ग्राहक त्याला हाका मारत अडकायचा.

फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० आवृत्तीत राफाएल विसोत्स्की यांच्या कामातून ‘डिव्हाइस लिंक’ आली. पुरवठादार कोण, ग्राहक कोण, हे आता स्पष्ट नोंदवता येतं. ग्राहक यादीत मागे सरकतो, म्हणून बंद होताना त्याचा नंबर आधी लागतो. नोंद केलीच नाही, तर मात्र कर्नलही आंधळाच.

त्या सरावानंतर मी माघारीच्या प्रत्येक आदेशात एक रकाना वाढवला: ‘यावर कोण अवलंबून?’ तो भरल्याशिवाय सही केली नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.