जन्मजात प्रतिकारशक्तीची स्मृती आणि रक्तवाहिन्यांचा दीर्घकालीन दाह

जन्मजात प्रतिकारशक्तीला स्मृती नसते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. नेदरलँड्समधील संशोधक मिहाई नेटिया व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ ही संकल्पना मांडून त्यास छेद दिला. ऑक्सिडीकरण झालेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलच्या संपर्काने मोनोसाइट पेशींतील जनुकांच्या वेष्टनात रासायनिक बदल होतात आणि पुढील उत्तेजनास त्या अधिक तीव्र दाहक प्रतिसाद देतात. मोनोसाइट रक्तात काही दिवसच टिकतात. मात्र अस्थिमज्जेतील पूर्वज पेशींतही ही स्मृती रुजत असल्याने दाहप्रवण पेशी निर्माण होत राहतात. २०१८ मधील उंदरांवरील प्रयोगात मेदयुक्त आहार थांबवून रक्तातील दाह ओसरल्यावरही हे बदल टिकून असल्याचे आढळले. कोलेस्टेरॉल नियंत्रणात आल्यावरही धमनीकाठिण्याचा धोका का उरतो, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण यातून मिळते.