तेंडुलकर–वर्ल्डटेल करार (१९९५)

क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर (जन्म : २४ एप्रिल १९७३, मुंबई) आणि अमेरिकेतील वर्ल्डटेल ही कंपनी यांच्यात १९९५ साली झालेला व्यवस्थापन करार. मुदत पाच वर्षे. प्रसिद्ध झालेली रक्कम सुमारे ३० कोटी रुपये. कंपनीच्या वतीने तो तिचे संस्थापक, मूळचे बंगळूरचे मार्क मास्करेन्हस यांनी केला. भारतीय खेळाडूला जाहिरातींच्या संभाव्य उत्पन्नाची आगाऊ हमी देणारा एवढा मोठा करार त्यापूर्वी झाला नव्हता.

पार्श्वभूमी : तेंडुलकर नोव्हेंबर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीत पहिली कसोटी खेळले. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सलामीला येऊन त्यांनी ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्यांची सलामीची जागा पक्की झाली. याच सुमारास उपग्रह वाहिन्या घरोघर पोचत होत्या. आर्थिक उदारीकरणानंतर आलेल्या परदेशी कंपन्यांना देशभर ओळखीचा चेहरा हवा होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे सामन्यांच्या प्रक्षेपणहक्कांचा बाजार खुला झाला. खेळाडूंना मात्र क्रिकेट मंडळाकडून सामन्यागणिक मानधनच मिळे. वार्षिक करार २००४ मध्ये सुरू झाले. सुनील गावसकर यांनी १९८५ मध्ये प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप ही कंपनी सहसंस्थापक म्हणून काढली होती. तरीही खेळाडूच्या नावाचा व्यापार स्वतंत्रपणे सांभाळण्याची पद्धत देशात बाल्यावस्थेतच होती. तेंडुलकर व मास्करेन्हस यांची गाठ रवी शास्त्री यांनी घालून दिली.

स्वरूप : प्रचलित पद्धतीत मध्यस्थ जाहिरात मिळवून देई आणि मिळकतीवर दलाली घेई, काम मिळाले नाही, तर खेळाडूच्या हाती काही पडत नसे. वर्ल्डटेलने ठरावीक रकमेची हमी दिली आणि त्याच्या बदल्यात जाहिराती व प्रायोजकत्वाचे व्यवहार हाती घेतले. दुखापत झाली, सूर हरपला किंवा बाजार मंदावला, तरी जोखीम मुख्यतः कंपनीची राहणार होती. तेंडुलकर तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. त्यांच्या धावा विकल्या जातील, हा अंदाज बांधून पैसे लावणारा माणूस दूरचित्रवाणी हक्कांच्या व्यापारातला होता, हे येथे महत्त्वाचे ठरते. १९९६ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपणहक्कही वर्ल्डटेलकडेच होते. त्या स्पर्धेत तेंडुलकर यांनी सर्वाधिक ५२३ धावा केल्या, पण त्यांच्या बॅटवर प्रायोजकाचे नाव नव्हते. त्यानंतर एमआरएफ या टायर कंपनीचे नाव त्यांच्या बॅटवर आले.

मुष्टियुद्धातील पूर्वोदाहरण : उगवत्या खेळाडूवर आगाऊ पैसे लावण्याची रीत व्यावसायिक मुष्टियुद्धात जुनी आहे. रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकल्यावर १८ वर्षांच्या कॅशियस क्ले (नंतरचे मुहम्मद अली) यांनी २६ ऑक्टोबर १९६० रोजी लुइव्हिलमधील ११ गोऱ्या व्यावसायिकांच्या गटाशी सहा वर्षांचा करार केला. सही करताना १०,००० डॉलर, ठरलेले किमान वेतन आणि मिळकतीत निम्मा वाटा अशा त्याच्या अटी होत्या. सराव व प्रवासाचा खर्च गटाकडे होता, तर क्ले यांच्या उतारवयासाठी काही रक्कम निधीत टाकली जाई. त्यांच्या बाजूने वकील अल्बर्टा जोन्स यांनी बोलणी केली. दोन्ही करारांत हमी होती, पण मुष्टियोद्ध्याच्या मिळकतीत लढतीचेच पैसे मुख्य असल्याने व्यवस्थापकाचा हात थेट खेळापर्यंत पोचतो. तेंडुलकर यांच्या बाबतीत संघनिवड व सामने क्रिकेट मंडळाच्या अखत्यारीत होते. कंपनीचा व्यवहार त्यांच्या नावाशी व प्रतिमेशी होता.

नूतनीकरण व परिणाम : २००१ साली वर्ल्डटेलशी पुन्हा पाच वर्षांचा करार झाला, त्याची रक्कम सुमारे ८० कोटी रुपये असल्याचे प्रसिद्ध झाले. जानेवारी २००२ मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात मास्करेन्हस यांचे निधन झाले. १९९५ च्या करारानंतर नामवंत क्रिकेटपटूंसाठी स्वतंत्र व्यवस्थापक नेमणे रूढ झाले. खेळाडूचे मोल केवळ त्याच्या मानधनावरून न ठरता त्याच्या प्रतिमेच्या बाजारभावावरूनही ठरू लागले. त्याची दुसरी बाजू अशी की, हे मोल काही मोजक्या नावांपुरतेच राहिले; देशांतर्गत स्पर्धा खेळणाऱ्या बहुसंख्य खेळाडूंना त्याचा थेट लाभ झाला नाही. २००६ साली तेंडुलकर यांनी साची अँड साची या जाहिरात कंपनीच्या आयकॉनिक्स विभागाशी तीन वर्षांचा करार केला. त्याची प्रसिद्ध झालेली रक्कम सुमारे १८० कोटी रुपये होती.