पेट-विघटक विकरे

पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टर कापड ज्या 'पेट' प्लास्टिकपासून बनते, त्याचे मूळ घटकांत विघटन करणारी जैविक उत्प्रेरके. जपानमधील साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरात, संशोधकांना 'इडिओनेला साकाएन्सिस' हा जीवाणू सापडला. पेटवर जगू शकणाऱ्या या जीवाणूची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तो दोन विकरे वापरतो: पेटेझ प्लास्टिकची लांब साखळी तोडते आणि मेहेटेझ त्या तुकड्यांचे टेरेफ्थॅलिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल करते. पण ३०° से. तापमानाला पातळ पापुद्रा संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागत.

उद्योगाला हा वेग पुरणारा नव्हता. खरी झेप फ्रान्समध्ये घेतली गेली. कार्बिऑस कंपनी आणि तूलूझच्या शास्त्रज्ञांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेले एक विकर निवडले आणि त्याची काही अमिनो आम्ले बदलून ते उष्णतेत टिकेल असे घडवले. २०२० मध्ये त्यांनी ७२° से. तापमानाला १० तासांत किमान ९० टक्के पेटचे विघटन करून दाखवले. मिळालेल्या घटकांपासून पुन्हा बाटल्या बनल्या, हे विशेष मोलाचे.

२०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठाने यंत्र-अध्ययनाच्या (मशीन लर्निंग) मदतीने ५०° से. तापमानालाही वेगाने काम करणारे पेटेझ तयार केले.

मर्यादाही मोठ्या आहेत. घट्ट, स्फटिकी रचनेच्या पेटवर ही विकरे नीट चालत नाहीत, म्हणून ते आधी वितळवून झटकन थंड करावे लागते. पिशव्यांच्या पॉलिएथिलीनवर तर ही विकरे चालतच नाहीत.