एका यंत्राचीं अनेक यंत्रें

नीरेच्या डाव्या कालव्याच्या कांठीं ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस, कालव्यांतलें पाणी कोणाचें असें विचारलें तर ते सरकारचें म्हणत नाहींत, धरणाचेंही म्हणत नाहींत. ज्याची पाळी त्याचें, असें म्हणतात. पाळी चालू आहे तोंपर्यंत दारें धरणारा शेतकरी सगळा कालवा आपल्या एकट्यासाठींच निघाला आहे अशा थाटानें बांधावर उभा असतो. पाळी सरली कीं तेंच पाणी शेजाऱ्याचें होतें. एक वस्तु अनेकांत वांटावयाची आणि तरी प्रत्येकास ती आपली एकट्याची वाटूं द्यावयाची, ही युक्ति बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांस सव्वाशें वर्षांहून अधिक काळ अवगत आहे. यंत्रांच्या जगांत हीच युक्ति शिरली कशी, आणि तेथें तिचे गुणदोष कोणते ठरले, हें पाहण्याचा या लेखांत विचार आहे.

मी इतिहासाचा अध्यापक. यंत्रशास्त्राशीं माझा संबंध जिज्ञासू वाचकाइतकाच. परंतु एका जुन्या विद्यार्थ्यानें मला तो ज्या संस्थेंत नोकरीस आहे तेथील संगणकांची खोली दाखविली. संस्था पतपेढीच्या जातीची आहे, सभासद बहुतेक ऊंस लावणारे. नांवाची येथें आवश्यकता नाहीं. "सर, येथें पूर्वी ९ सर्व्हर होते. आतां दोनच आहेत, पण त्यांच्या पोटांत २६ चालतात," तो म्हणाला. बाहेरून दोन आणि आंतून सव्वीस, हें गणित कसें जमलें असें मीं विचारलें. आणि त्यानें जें सांगितलें त्यानें मला ग्रंथालयाची वाट धरावयास लावलें.

प्रकार थोडक्यांत असा. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या पुरविणारा मोठा संगणक. त्याच्या धातूवर एक पातळ पण दक्ष कारभारी बसवितात. त्यास हायपरव्हायजर म्हणतात. हा कारभारी खऱ्या यंत्राचा प्रोसेसर, स्मृति व सांठवण यांचे हिस्से पाडून त्या प्रत्येक हिश्शास स्वतंत्र संगणकाचें सोंग देतो. आंतल्या प्रत्येक पाहुण्या यंत्रास वाटतें कीं आपण एकटेच घरधनी आहों. या विद्येस व्हर्च्युअलायझेशन आणि त्या यंत्रांस आभासी यंत्रें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आभास हा शब्द मात्र आपल्याकडे जरा घोटाळ्याचा आहे. वेदांताच्या दोरीवरचा साप कोणास चावत नाहीं. हें आभासी यंत्र मात्र सभासदांचीं खातीं लिहितें, व्याज काढतें, आणि बंद पडलें तर खिडकीपुढें खरी रांग लावतें.

हा शोध अलीकडचा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत संगणक इतका महाग होता कीं तो क्षणभर रिकामा राहिला तरी मालकाच्या जिवास लागे. उलट त्याच्यापुढें बसलेला मनुष्य विचार करण्यांत मिनिटेंच्या मिनिटें घालवी. यावर उपाय म्हणून एका यंत्राचा वेळ अनेकांस पाळीनें वांटावा ही कल्पना पुढें आली. इंग्लंडच्या क्रिस्टोफर स्ट्रेची यानें १९५९ सालीं तिच्यावर निबंध वाचला, आणि अमेरिकेंत एम. आय. टी. या विद्यापीठांत फर्नांडो कॉर्बातो व त्याचे सहकारी यांनीं १९६१ सालीं तें प्रत्यक्ष करून दाखविलें. परंतु वेळ वांटला तरी घर एकच होतें; एकाच्या चुकीनें सगळ्यांचें छप्पर खालीं येण्याचें भय कायम होतें.

पुढचें पाऊल आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील लहानशा शास्त्रीय केंद्रांत पडलें. तेथें रॉबर्ट क्रीझी आणि त्याच्या सोबत्यांनीं १९६४ पासून एक निराळाच विचार चालविला: वेळेचा हिस्सा देण्यापेक्षां प्रत्येकास अख्खें यंत्रच कां देऊं नये? अर्थात् भासापुरतें. सीपी-४० हें त्यांचें काम जानेवारी १९६७ पासून रोजच्या वापरांत आलें. एका यंत्रावर एका वेळीं चौदा आभासी यंत्रें चालत. त्याचाच वंश १९७२ सालीं व्हीएम/३७० या नांवानें बाजारांत आला, आणि आजही त्या कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर तो नांदतो आहे. १९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं या विद्येस शास्त्राचें रूप दिलें. त्यांच्या तीन अटी एखाद्या जुन्या वतनपत्रांत शोभाव्यात अशा आहेत. पाहुण्यास खऱ्या यंत्रावर जें घडेल तेंच येथें घडावें. साधनांवरची अखेरची सत्ता कारभाऱ्याचीच राहावी. आणि बहुतेक काम कारभाऱ्याच्या हस्तक्षेपावांचून थेट पार पडावें. वांटणीची कोणतीही व्यवस्था टिकावयाची असेल तर याहून निराळें तिला काय लागतें?

यानंतर एक विस्मृतीचा काळ आला. यंत्रें स्वस्त झालीं. ज्याला जें काम त्यानें त्यासाठीं निराळा सर्व्हर घ्यावा अशी रीत पडली. पैसा आल्यावर प्रत्येकानें आपापली विहीर खणावी आणि वर्षांतले दहा महिने तिच्यावरची मोटर गंजत पडावी, तसेंच हें झालें. अशा सर्व्हरांच्या शक्तीपैकीं दहा-पंधरा टक्केच कामास येते असें तेव्हां सर्रास सांगितलें जाई; वीज आणि थंड हवा मात्र पुरी लागे. १९९८ सालीं डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे साथी यांनीं व्हीएमवेअर ही कंपनी काढून जुनी विद्या या स्वस्त यंत्रांवर पुन्हां उभी केली. काम सोपें नव्हतें. त्या प्रोसेसरांत सतरा आज्ञा अशा होत्या कीं पाहुण्यानें त्या उच्चारल्या तरी कारभाऱ्यास वर्दीच जात नसे. पाटकऱ्याच्या नकळत चारी फोडण्यासारखाच हा प्रकार. या कंपनीनें चालत्या कामांतच आज्ञांचें भाषांतर करून ती वाट बुजविली, आणि १९९९ व २००१ सालीं आपला माल बाजारांत आणला. २००३ मध्यें इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठांतून झेन निघालें. २००५ पासून प्रोसेसर करणाऱ्यांनींच या कामाची सोय प्रोसेसरांत केली. २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत केव्हीएम आलें. येथवरची हकीकत युक्तीची झाली. खरा इतिहास वांटप सोपें झाल्यावर सुरू होतो, आणि त्यासाठीं मला पुन्हां कालव्यावर यावें लागतें.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खणला गेला आणि १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. आज कोणास खरें वाटणार नाहीं, पण आरंभीं त्याच्या पाण्यास पुरेसें गिऱ्हाइक नव्हतें. पाऊस बरा झाला कीं कोरडवाहू शेतकरी पाणीपट्टी कशाला भरील? पाटबंधारे खातें पाणी घ्या म्हणून मागें लागे. पुढें सासवडचे माळी आले, त्यांनीं खंडानें जमिनी घेऊन ऊंस पिकवून दाखविला. अवर्षणाचीं वर्षें आलीं. आणि पाहतां पाहतां मागणी पुरवठ्याच्या पलीकडे गेली. जेथें ऊंस दाटला तेथील जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या. १९१० सालीं हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली ती यामुळेंच. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरींतले इंजिनियर. त्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं जी ब्लॉक पद्धति सुचविली तिचें मर्म असें: पाण्याची हमी ठराविक वर्षांची द्यावी, परंतु गटांतील एक तृतीयांश जमिनीसच उंसाचें पाणी मिळावें, बाकीच्यांत हंगामी पिकें घ्यावीं, आणि ऊंस गटांतल्या गटांत फिरत राहावा. म्हणजे हमी आणि मर्यादा हीं एकाच कागदावर.

आभासी यंत्रांचा इतिहास याच क्रमानें गेला आहे. नवा सर्व्हर विकत घ्यावयाचा तर अर्ज, मंजुरी, निविदा, पैसा असे चार उंबरठे होते. आभासी यंत्र घटकाभरांत मिळूं लागलें. जें फुकट दिसतें तें कोण नाकारील? मागण्या आल्या तशा पुरविल्या गेल्या, आणि एकदां दिलेलें परत कोणी केलें नाहीं. कारभारीही उदार झाला, कारण सगळे एकाच वेळीं आपला पुरा हिस्सा मागत नाहींत हें त्यानें हेरलें होतें. शंभर माप स्मृति असतांना दीडशें मापांचीं वचनें देतां येतात, आणि तीं बहुतेक दिवस पाळतांही येतात. यास लबाडी म्हणणें योग्य होणार नाहीं; सर्वांची एकदम मागणी गृहीत धरली असती तर कालवाही कोणी खणला नसता. परंतु मर्यादा ओलांडली म्हणजे काय होतें हें पीटर डेनिंग यानें १९६८ सालींच दाखवून ठेवलें आहे. स्मृति अपुरी पडली कीं यंत्र एकाचें सामान बाहेर काढून दुसऱ्याचें आंत घेण्यांत गुंततें. पुढें तें आणण्या-नेण्यांतच सगळा वेळ जातो आणि मूळ काम जवळजवळ थांबतें. हळूहळू मंदावण्याऐवजीं यंत्र एकदम कोसळतें, हें येथें विशेष.

यावर जे उपाय निघाले त्यांपैकीं कार्ल वाल्डस्पर्गर याचा २००२ सालचा निबंध मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार मनोरंजक वाटला. प्रत्येक यंत्रास किमान हमी किती, कमाल मर्यादा किती, आणि टंचाईच्या दिवशीं इतरांच्या मानानें वजन किती, असे तीन आंकडे त्यानें मांडले. विश्वेश्वरय्यांचा कागद पुढें ठेवला तर पहिल्या दोहोंची ओळख पटावी. शिवाय जो स्मृति अडवून बसतो पण वापरीत नाहीं त्यावर त्यानें कर बसविला, आणि त्यास पडीक स्मृतीवरचा कर असेंच नांव दिलें! वापर नसलेला हिस्सा टंचाईंत आधीं काढून घ्यावा, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या बाबतींत असा कर बसविण्याची छाती आमच्याकडे कोणाची झाली असती असें वाटत नाहीं.

आतां त्या पतपेढीची कथा. नऊ यंत्रांचीं दोन करण्यापूर्वीं तेथें मोजमाप झालें नव्हतें असें नाहीं. बाहेरून आलेल्या मंडळींनीं महिनाभर प्रत्येक सर्व्हरचा भार टिपला, आलेख काढले, आणि दोन यंत्रें पुरून उरतील असा दाखला दिला. पण तो महिना होता श्रावणाचा. या दोन तालुक्यांत श्रावणांत कारखान्यांचीं धुराडीं थंड असतात आणि पतपेढींत माशा मारतात. गळीत हंगाम सुरू झाला. उंसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे असा १९६६ पासूनचा केंद्राचा हुकूम आहे, तो जेव्हां आणि जेवढा पाळला जातो तेव्हां रकमा एकदम येऊन पडतात. त्या दिवशीं खात्यांचें काम, संदेश धाडण्याचें काम, हिशेबनिसांचे तक्ते, सगळ्यांची मागणी एकाच सकाळीं आली. दोन्ही यंत्रें शेंकडा सत्तरांवर होतींच. दुपारीं त्यांतलें एक बंद पडलें. कारभाऱ्यानें नेमल्याप्रमाणें त्यावरचे पाहुणे दुसऱ्याच्या घरीं पाठविले. सत्तर आणि सत्तर मिळून एकशें चाळीस होतात एवढेंच कोणी मांडलें नव्हतें. दुसरेंही गुदमरलें. बियाणांस पैसे काढावयास आलेले लोक सायंकाळपर्यंत पायरीवर बसून होते. खिडकीवरच्या कारकुनास शिव्या बसल्या, आणि त्याचा तर यांत कांहींच संबंध नव्हता.

एक यंत्र गेलें तर उरलेल्यांस सगळा भार पेलला पाहिजे, म्हणून दोन असतील तर प्रत्येकाचें निम्में अंग रिकामें ठेवावें, हा या धंद्यांतला पहिला धडा आहे. पण रिकामें अंग दिसलें कीं संचालकांस तो अपव्यय वाटतो. पूर्वी नऊ यंत्रें होतीं तेव्हां एक बिघडलें तर एकच काम अडे; काटकसरीनें नऊ निरनिराळे धोके एकत्र बांधून दिले, हें जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यांत उतरत नाहीं. शिलकी प्रती देखील तेथें त्याच सांठवणीवर ठेवल्या होत्या. सुदैवानें तिच्यावर प्रसंग आला नाहीं.

आणखी एक गोष्ट या विषयांत टाळतां येत नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें व्हीएमवेअर ब्रॉडकॉम कंपनीच्या मालकीचें झालें, आणि पुढच्याच महिन्यांत एकदां घेऊन कायम वापरावयाचे परवाने विकणें बंद होऊन मुदतीची वर्गणी आली. खर्च वाढल्याची ओरड जगभर झाली. पाटाचें पाणी घेणारास पट्टी दुसरा ठरवितो याचें नवल नाहीं. परंतु ज्यांनीं आपण विहीर खणली असें समजून पैसे भरले होते त्यांस आपण पाटावरच आहों हें उशिरां कळलें. केव्हीएमसारख्या खुल्या वाटा आहेत. तथापि आभासी यंत्र जितक्या सहज हलतें तितक्या सहज तें हांकणाऱ्या मनुष्याच्या हाताची संवय हलत नाहीं.

माझा विद्यार्थी त्या पतपेढींत या प्रसंगानंतर रुजू झाला. त्यानें प्रथम नवें यंत्र मागितलें नाहीं. एक वही घातली. प्रत्येक आभासी यंत्राचें नांव, तें कोणासाठीं, हमी किती, मर्यादा किती, हंगामांत किती लागतें, केव्हां बंद करावयाचें. सव्वीसांपैकीं चोविसांचे धनी सांपडले. एकाचा धनी नोकरी सोडून गेला होता. उरलेलें एक २०१६ पासून अखंड चालू होतें, स्मृतीचा चांगला मोठा हिस्सा अडवून. तें कोणीं मागितलें आणि कशासाठीं, हें कोणत्याही टेबलावर कोणास सांगतां येईना. शेवटीं त्यानें भीतभीत तें थांबविलें, आणि आठ दिवस फोन जवळ ठेवून वाट पाहिली. कोणाचाही फोन आला नाहीं.