खर्जाचा माग

जुईनगरमधल्या घरात बसून रॉक संगीतातल्या अवघड बेसलाइन शिकू पाहणाऱ्या मुलाला आज यादीसाठी कुठे जावे लागत नाही. मोबाइलवर ती तयार असते. ‘द हू’चा जॉन एन्टविसल, ‘येस’चा ख्रिस स्क्वायर, ‘रश’चा गेडी ली, ‘आयर्न मेडन’चा स्टीव्ह हॅरिस ही नावे तिच्यात हमखास येतात. ती मोठी आहेतच. पण हीच का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माझ्या मते ही यादी जितकी अवघडपणाने ठरली, तितकीच ती काय ऐकू आले आणि काय ऐकू आले नाही यावरूनही ठरली. मुंबईच्या अनुभवातून हे अधिक स्पष्ट दिसते.

आधी वाद्याविषयी. लिओ फेंडर या अमेरिकी कारागिराने 1951 मध्ये आपली बेस गिटार बाजारात आणली. तोवर खर्जाची बाजू सांभाळायला माणसाच्या उंचीचा डबल बेस लागे. नव्या वाद्याला पडदे होते, ते खांद्याला अडकवता येई आणि त्याचा आवाज विजेवर वाढवता येई. त्याच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41 असतात. एवढा खालचा सूर उमटवायला स्पीकर मोठा लागतो. ट्रान्झिस्टरच्या किंवा हातातल्या कॅसेट प्लेअरच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून मूळ सूर जवळजवळ निघतच नाही. निघतात ते त्याचे वरचे उपसूर, आणि त्यावरून खालचा सूर आपला मेंदू कल्पनेने भरून काढतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतला मुंबईतला शिकाऊ वादक नेमका याच अडचणीत होता. आयातीवर निर्बंध होते. परदेशी रॉकच्या निवडक तबकड्या भारतात छापल्या जात आणि काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’सारख्या दुकानात मिळत. ते दुकान 2016 मध्ये बंद झाले. बाकी भिस्त कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढे आणि तपशील पुसट होई. कागदावर लिहिलेली बेसलाइन हाती येणे दुर्मीळच. तेव्हा कान हाच गुरू. तबकडीवर काम करणाऱ्यांची एक युक्ती जगभर चाले : मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर लावायची. लय सुमारे एक तृतीयांशाने वाढते, पण सगळे सूर वर सरकतात. मूळचा षड्ज साधारण शुद्ध मध्यमावर येतो. जो खर्ज लहान स्पीकरमध्ये बुडालेला असतो, तो पृष्ठभागावर येतो. मग तो मनात पुन्हा खाली उतरवून वाद्यावर शोधायचा.

अशा साधनांनी कोणत्या बेसलाइन हाती लागणार? ज्यांचा नाद टणत्कारी, वरच्या उपसुरांनी भरलेला, त्या. यादीतली वरची चारही नावे या जातीची आहेत. एन्टविसलने 1965 च्या ‘माय जनरेशन’मध्ये बेसला चक्क एकल वादनाची जागा दिली. स्क्वायर रिकनबॅकर बेस पिकने वाजवी. 1971 च्या ‘राउंडअबाउट’मध्ये त्याची बेस गिटारच्या बरोबरीने पुढे येते. ‘रश’च्या 1981 च्या ‘वायवायझी’ची सुरुवात टोरंटो विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांना मोर्स लिपीत बसवून केलेली आहे. हॅरिसची बोटे घोड्याच्या दौडीसारखी लय धरतात आणि प्रत्येक टाप वेगळी ऐकू येते. यातले काहीही सोपे नाही. पण हे सारे निकृष्ट कॅसेटमधूनही कानावर पडणारे होते.

धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. परदेशी गाणी हुबेहूब वाजवणे हा तिथल्या पिढीचा मोठा अभ्यासक्रम होता. ‘रॉक मशीन’ हा मुंबईचा बँड त्याच वातावरणातला. 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढून त्याने पुढची पायरी गाठली. मार्क सेल्विन त्यांचा बेसवादक. 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात खुद्द ‘आयर्न मेडन’ वाजवून गेला, तेव्हा कॅसेटवर गिरवलेला धडा पुष्कळांनी प्रथमच समोर पाहिला.

आता दुसरी बाजू. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन जुन्या, गुळगुळीत तारांवर एकाच बोटाने वाजवी. त्याचा नाद गोल आणि दबलेला. 1971 पूर्वी कंपनीच्या तबकड्यांवर त्याचे नावही छापले जात नसे. 1983 मध्ये तो वारला, आणि त्याच्या बेसलाइन लिहून काढणारे पुस्तक आले 1989 मध्ये. पॉल मॅकार्टनीने ‘समथिंग’मध्ये 1969 साली वाजवलेली बेस तितकीच गुंतागुंतीची, पण ती गाण्याखालून वाहते. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ अशाच अदृश्य परंपरेतले. चित्रपटसंगीतातले कित्येक गोवेकर वादक स्टाफ नोटेशन वाचून वाजवत. त्यांचा खर्ज घराघरांत पोहोचला, पण तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे क्वचितच येत.

ऐकून शिकायचे की वाचून, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी घराण्यांत जपलेल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीत छापल्या. कागदावर मींड आणि कणसूर कसे उतरणार, असा आक्षेप तेव्हाही होताच. पण बंदिश ज्याच्या दारात पोहोचणे शक्य नव्हते, त्याच्या दारात ती पोहोचली. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यपरंपरेने 1931 मध्ये स्थापलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची वाशीतली वास्तू जुईनगरपासून दोन स्थानकांवर आहे. बेसची टॅब ही याच प्रश्नाची धाकटी बहीण. कोणत्या तारेवर कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे, एवढे ती सांगते. साध्या टॅबमध्ये सूर किती वेळ धरायचा हेही नसते. कधी सोडायचा हे तर नाहीच. आणि बेसवर सूर सोडण्यातच निम्मी लय असते.

सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, खाडीवरून वाशीला लोकल 1992 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी नेरूळ-बेलापूरला पोहोचली. म्हणजे जुईनगरच्या मुलाला कॅसेटचा काळ शेवटी शेवटीच भेटला. आज त्याच्या हातात गाण्यातून बेस वेगळी काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत. एकेकाळी बुडालेला जेमर्सन हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतो. अडचण उरली नाही, यादी मात्र अडचणीच्या काळातलीच राहिली.

म्हणून अवघड बेसलाइन निवडताना वेग ही एकच फूटपट्टी पुरत नाही. ‘पिंक फ्लॉइड’च्या 1973 च्या ‘मनी’ची बेस सात मात्रांची आहे, रूपकाची सवय असलेल्या कानाला ती लवकर आपली वाटेल, आणि एकल गिटारच्या वेळी गाणे चारच्या पटीत शिरते तिथे खरी परीक्षा होईल. ‘समथिंग’मध्ये बोटे पळत नाहीत, पण गायकाच्या वाटेत न येता सतत बोलत राहावे लागते. आणि जेमर्सनच्या एका बोटाची लय टॅबवरून वाचता येत नाही. तिच्यासाठी सॉफ्टवेअरने वेगळी काढलेली बेससुद्धा जुन्या वादकांसारखीच पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकावी लागते.