शिकाऱ्याच्या पायातली वहाण

केम हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे, करमाळा तालुक्यातले गाव. या भागातल्या माळावर अनवाणी चालून पाहा. बाभळीचा काटा लगेच आपली ओळख देतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी अशा माळांवर सशा-तितरांची शिकार चाले. दिवसभर फिरायचे तर काट्याला दाद न देणारी, तरीही पायाला न चावणारी वहाण हवी. हे दोन्ही कसे साधायचे?

उत्तर त्याच बाभळीच्या सालीत आहे. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते, वाळले तर लाकडासारखे ताठ होते. ढोर कारागीर ते चुन्यात भिजवून केस काढत आणि बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात मुरवत. त्यातले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना बांधून ठेवते. मग ते जिवाणूंना सहज खाता येत नाही आणि वाळूनही लवचिक राहते. चांभार या कातड्याचे थर एकावर एक शिवून जाड तळ करीत. तेल पाजलेली वहाण हळूहळू पायाचा आकार घेई.

क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. त्याआधीपासून हे रसायन ज्यांच्या हातांत होते, त्यांची वहाण गावाने वापरली आणि स्पर्श मात्र टाळला.

वर्गात हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून ठेवा. पाणी काळे पडते. ही टॅनिनची खूण. ती दाखवताना हे ज्ञान कोणाचे, तेही मुलांना सांगावे असे आम्हांला वाटते.